स्पर्धेच्या पिकअपला पुढचा डिफ-लॉक: आधी काय मोजायचं, मग कोणता घ्यायचा

मे महिना संपत आला की एकच प्रश्न वारंवार कानावर येतो: "पुढं कोणता लॉकर टाकू?" विचारणाऱ्याच्या खिशात बहुतेक वेळा कोटेशन आधीच असतं. डिफ, म्हणजे डिफरन्शियल, ही दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरची पेटी; लॉकर तिला बांधून दोन्ही चाकं एकत्र फिरवतो. तो विकत घेणं हे या कामातलं बरंच नंतरचं पाऊल आहे. त्याआधीची पावलं गाळली की लॉकर शाबूत राहतो आणि त्याच्या शेजारचं काहीतरी तुटतं. ती पावलं कोणती आणि कोणत्या क्रमानं टाकायची, ते इथं लिहितो आहे.

माझ्या डोळ्यांसमोर आपल्याकडच्या फोर-बाय-फोर पिकअप आहेत: इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस, टोयोटा हायलक्स, महिंद्रा स्कॉर्पिओ गेटअवे, टाटा झेनॉन. या सगळ्यांना पुढं स्वतंत्र सस्पेन्शन आहे. म्हणजे डिफ चेसिसला टांगलेला असतो आणि चाकापर्यंत ताकद सीव्ही जॉइंटच्या (कोनात वळूनही फिरणाऱ्या सांध्याच्या) दोन शाफ्टमधून जाते. जिप्सीसारखा पुढं सलग एक्सल असलेल्या गाडीचं गणित वेगळं आहे. जिप्सीवाल्या मित्राचा सल्ला व्ही-क्रॉसला जसाच्या तसा लावू नका.

टप्पा १: नियम आणि मैदान

तुम्ही ज्या गटात उतरणार त्याची नियमपुस्तिका मागवा आणि ती छापून घ्या. स्टॉक गटात कंपनीनं दिलेल्या डिफशिवाय काहीही चालत नाही, असा नियम असू शकतो. काही ठिकाणी मागचा लॉक चालतो, पुढचा टाकला की गाडी थेट मॉडिफाइड गटात जाते. तिथं समोर पस्तीस इंची टायरच्या, खास बांधलेल्या गाड्या उभ्या असतात. तपासणीच्या दिवशी हे कळलं तर वर्षभराचं काम पाण्यात.

नंतर मैदान. गोव्यात २०१४ साली सुरू झालेली रेनफॉरेस्ट चॅलेंज भर पावसातली: जांभ्याचा लाल चिखल, पोटापर्यंतच्या चाकोऱ्या, ओढे, विंच (दोरानं गाडी ओढून काढायचं यंत्र). सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरच्या स्पर्धांत काळा कातळ, दगडी पायऱ्या, आडवे उतार. राजस्थानातल्या रॅलीत वेग आणि वाळू. पहिल्या दोन ठिकाणी पुढचा लॉक कामाचा आहे. रॅलीत वेगानं वळताना पुढची दोन्ही चाकं बांधलेली असणं धोक्याचं, तिथं लॉकरऐवजी गिअरच्या रचनेचा लिमिटेड स्लिप (चाकं पूर्ण न बांधता घसरण आवरणारा डिफ) बरा.

तपासा: गेल्या वर्षीच्या स्टेजचे व्हिडिओ काढा आणि कागदावर मोजा. किती वेळा पुढचं एक चाक हवेत गेलं? किती वेळा गाडी नुसती रुतली? चाक हवेत जाणं लॉकरचा प्रश्न आहे. पोट टेकून रुतणं टायर, उंची आणि विंचचा. दुसरा आकडा मोठा असेल तर पैसा आधी तिकडं लावा.

टप्पा २: मागचं आधी

मागं लॉक नसेल तर पुढचा विचार सध्या बाजूला ठेवा. चढावर वजन मागं सरकतं, म्हणजे पकड मागच्या चाकांवर असते. मागचा लॉक स्टिअरिंगला फारसा त्रास देत नाही आणि मागच्या सरळ शाफ्टना वळायचं नसतं, त्यामुळे ते सहज तुटत नाहीत. मागचा लॉक लावून एक हंगाम चालवा. तरीही पुढचं चाक हवेत फिरत राहतंय असं दिसलं तर पुढं चला.

टप्पा ३: गाडीत आत्ता काय आहे ते लिहून काढा

वहीच्या एका पानावर पुढच्या गोष्टी हव्यात: क्राउनचा (डिफमधल्या मोठ्या गिअरचा) व्यास, क्राउन आणि पिनियनचे (त्याला फिरवणाऱ्या छोट्या गिअरचे) दात, शाफ्टचे स्प्लाइन (टोकावरच्या खाचा), बेअरिंगचे नंबर, डिफचं हाउसिंग बिडाचं की अॅल्युमिनियमचं, आणि पुढचा एक्सल टू-व्हीलमध्ये (फक्त मागच्या चाकांवर चालताना) कसा सुटतो.

रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्टचे किती फेरे, तो कागदपत्रांवरून घेऊ नका. जुन्या गाडीत आधीच्या मालकानं काय बदललंय, कुणास ठाऊक. पुढची दोन्ही चाकं उचला, पुढचा एक्सल जोडलेल्या स्थितीत ठेवा, आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारी पेटी) अशा स्थितीत की पुढचा प्रोपेलर मोकळा फिरेल. प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण करा. दोन्ही चाकं दोघांनी मिळून एकाच दिशेला बरोबर दहा फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. एक्केचाळीस आले तर रेशो ४.१०. दहा फेरे यासाठी की एका फेऱ्यात ३.९ आणि ४.१ मधला फरक डोळ्याला कळत नाही. एकटे असाल तर एक चाक घट्ट अडवून दुसऱ्याचे वीस फेरे करा, ओपन, म्हणजे लॉक नसलेल्या, डिफमध्ये उत्तर तेच येतं. मागच्या एक्सलचंही असंच मोजा. दोन्ही आकडे जुळलेच पाहिजेत.

मोठ्या टायरसाठी रेशो बदलायचा विचार असेल तर तो निर्णय लॉकरच्या आधी घ्या. काही एक्सलमध्ये ठराविक रेशोच्या वर आणि खाली वेगवेगळा कॅरिअर (क्राउन ज्यावर बसतो तो सांगाडा) लागतो. डाना ४४ या एक्सलमध्ये ३.७३ पर्यंत एक कॅरिअर आणि ३.९२ पासून दुसरा. आधी लॉकर घेतला आणि मग क्राउन-पिनियन बदलले तर लॉकर विकायला काढावा लागतो.

आता एक्सल कसा सुटतो ते. व्ही-क्रॉस किंवा हायलक्ससारख्या गाडीत चाकाच्या हबवर हातानं फिरवायचं कुलूप नसतं. डिफच्या एका बाजूच्या शाफ्टवर जोडणारी-सोडणारी यंत्रणा असते. टू-व्हीलमध्ये एकच बाजू सुटते, दुसऱ्या बाजूचा शाफ्ट चाकाबरोबर फिरतच राहतो. ओपन डिफमध्ये हे चालून जातं, कारण आतले स्टार पिनियन नुसते गरगरतात आणि क्राउन जागेवर थांबतो. तिथं ऑटोमॅटिक लॉकर (आपोआप बांधणारा) किंवा स्पूल (कायमचा बांधणारा) टाकला तर? एका चाकाच्या जोरावर कॅरिअर, क्राउन, पिनियन, पुढचा प्रोपेलर, सगळं हायवेवर चोवीस तास फिरत राहणार. तेल तापणार, सील जाणार, गाडी घरघरणार. ही एक गोष्ट माहीत असती तर कितीतरी जणांनी चुकीचा लॉकर घेतला नसता.

टप्पा ४: कुठं तुटेल त्याचा हिशेब

इथं घाई करू नका. अर्धा तास लागतो, पण पुढची सगळी निवड यावर ठरते.

समजा इंजिनचा टॉर्क ३२० न्यूटन-मीटर, पहिला गिअर ४.०, लो रेंज (ट्रान्सफर केसचा हळू गिअर) २.५, डिफ ४.१. गुणाकार करा: १३,१२०. हा दोन्ही एक्सलना मिळून येणारा जास्तीत जास्त टॉर्क. पार्ट-टाइम फोर-व्हीलमध्ये पुढचा आणि मागचा एक्सल एकमेकांना बांधलेला असतो, म्हणून ज्या एक्सलला पकड आहे तो जास्त ओढतो. मागची दोन्ही चाकं पकड सोडून फिरत असतील तर जवळजवळ सगळा भार पुढं येऊ शकतो.

आता टायरच्या बाजूनं बघा. पुढच्या एक्सलवर १,२०० किलो, म्हणजे एका चाकावर ६००. कोरड्या कातळावर घर्षणाचा गुणांक ०.८ धरा, टायरची भारित त्रिज्या ०.३८ मीटर. ६०० × ९.८१ × ०.८ × ०.३८ म्हणजे सुमारे १,८०० न्यूटन-मीटर. याहून जास्त टॉर्क आला तर टायर घसरतो आणि शाफ्ट वाचतो. दुसरं चाक हवेत गेलं, सगळं वजन एकावर आलं, तर हीच मर्यादा ३,६०० होते.

ओपन डिफमध्ये जमिनीवरच्या चाकाला हवेतल्या चाकाइतकाच टॉर्क मिळतो, म्हणजे जवळपास शून्य. गाडी हलत नाही, पण तुटतही काही नाही. ओपन डिफ हा तुमच्या सीव्ही जॉइंटचा फ्यूज आहे. लॉक लावणं म्हणजे तो फ्यूज काढून सरळ तार जोडणं. आता त्या एकट्या जॉइंटवर ३,६०० येणार. आणि टायर दगडाच्या खाचेत अडकला, घसरायलाच जागा नसली, तर घर्षणाची मर्यादा संपली. मग येईल तो सगळा टॉर्क जॉइंटनं पेलायचा.

त्यात भर कोनाची. बाहेरचा सीव्ही जॉइंट सरळ असताना जो भार सहज घेतो, तोच भार स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर आणि चाक खाली लटकलेलं असताना त्याचा पिंजरा (आतल्या गोळ्या धरून ठेवणारी कडी) फोडतो. लिफ्ट किटनं हा कोन कायमचा वाढवून ठेवलेला असतो. ३१ इंचाचे टायर ३३ केले की त्रिज्येच्या हिशेबानं भाराची मर्यादा आणखी सहा टक्क्यांहून अधिक वाढते.

चिखलात जॉइंट मोडत नाहीत हा समज अर्धाच खरा आहे. नुसत्या चिखलात पकड कमी, म्हणून भारही कमी. पण चाक जोरात फिरत असताना चिखलाखालच्या जांभ्याच्या दगडावर किंवा झाडाच्या मुळावर एकदम आदळलं की फिरत्या चाकाचा सगळा वेग एका झटक्यात शाफ्टवर येतो. आमच्या संघातल्या पिकअपला एका वर्षी पुढं ऑटोमॅटिक लॉकर टाकला होता, माझ्याच आग्रहावरून. दुसऱ्याच स्टेजला, स्टिअरिंग डावीकडे पूर्ण वळलेलं, कातळाची गुडघाभर पायरी, आणि ड्रायव्हरनं पाय दाबला. बंदुकीसारखा आवाज झाला. जॉइंटवरचं रबरी बूट कापून हात घातला तर लाल चिखलात मिसळलेल्या ग्रीसमधून जॉइंटच्या पिंजऱ्याचे तीन तुकडे तळहातावर आले, कडा आरशासारख्या चकचकीत. बाहेरची वाटी उभी फुटली होती आणि फुटताना ब्रेकचा होज घेऊन गेली. लॉकर उघडून पाहिला, त्यावर ओरखडाही नव्हता.

तपासा: तुमच्या गाडीला जाड सीव्ही शाफ्ट मिळतो का? मिळत असेल तर त्याचा खर्च लॉकरच्याच रकमेत धरा. मिळत नसेल तर पुढं फक्त हवा तेव्हा सोडता येणारा लॉक घ्या, नाहीतर गिअरचा लिमिटेड स्लिप. तिसरा पर्याय मनात आणू नका.

सावध: जॉइंट मजबूत केला की कमजोर जागा पुढं सरकते. स्टिअरिंग रॅकचे बुश, टाय रॉड एंड, डिफ चेसिसला धरून ठेवणारे कान आणि रबर. अॅल्युमिनियमच्या हाउसिंगचे कान झटक्यानं तडकतात. डिफचे माउंट आत्ताच काढून बघा. रबर सुटलेलं असेल तर डिफ आधीच नाचतोय.

टप्पा ५: कोणता प्रकार

स्पूल. दोन्ही शाफ्ट कायमचे एक. कॅलिफोर्नियातल्या किंग ऑफ द हॅमर्ससारख्या शर्यतीत खास बांधलेल्या गाड्यांना तो चालतो, कारण त्यांचे एक्सल आणि हायड्रॉलिक स्टिअरिंग त्या भारासाठीच घडवलेलं असतं. रस्त्यावरून स्पर्धेला जाणाऱ्या पिकअपला पुढं स्पूल नको.

ऑटोमॅटिक लॉकर. डेट्रॉइटसारखा पूर्ण कॅरिअरचा, किंवा लॉक-राइट, ऑसी लॉकरसारखा मूळ कॅरिअरमध्ये बसणारा छोटा संच, ज्याला सगळे लंचबॉक्स म्हणतात. छोट्या संचात फक्त स्टार पिनियन आणि सन गिअर बदलतात, क्राउनची सेटिंग सहसा हलवावी लागत नाही, खर्चही कमी. पण कॅरिअर मूळचाच राहतो, ताकद त्याच्याइतकीच. यांचा स्वभाव असा: वळताना जास्त वेगानं फिरणारं बाहेरचं चाक मोकळं सोडायचं आणि ताकद आतल्या चाकाला द्यायची. जोर वाढला की दोन्ही बांधायची. म्हणजे पाय दाबाल तसं स्टिअरिंग जड होणार आणि गाडी नाकासमोर चालणार. बंद करायची सोय नाही. हातानं फिरवायचे फ्री-व्हील हब असलेल्या गाडीला हे चालू शकतं, कारण रस्त्यावर हब मोकळे केले की पुढचा डिफ शांत. टप्पा ३ मधल्या एका बाजूनं सुटणाऱ्या एक्सलला हे घेऊ नका.

गिअरचा लिमिटेड स्लिप. ट्रूट्रॅक, क्वेफ यांसारखे. कमी पकड असलेल्या चाकाच्या टॉर्कच्या काही पट टॉर्क दुसऱ्या चाकाला देतात. स्टिअरिंगवर परिणाम सौम्य, देखभाल जवळपास नाही. त्रुटी एकच आणि मोठी: चाक पूर्ण हवेत गेलं की शून्याची कितीही पट शून्यच. डाव्या पायानं ब्रेक हलका धरला की हवेतल्या चाकाला थोडा विरोध मिळतो आणि काम सुरू होतं, पण ती सवय महिनाभर सराव करून लावावी लागते. वेगाच्या आणि वाळूच्या स्पर्धेसाठी, आणि ज्यांचे सीव्ही मूळचेच आहेत त्यांच्यासाठी माझं पहिलं मत याला.

हवा तेव्हा लागणारा लॉक. एआरबीसारखा हवेचा, हॅरप किंवा ईटनसारखा विजेचा, ऑक्ससारखा केबलचा. बंद असताना ओपन डिफ, चालू केला की दोन्ही चाकं एक. चिखल, कातळ, ओढे अशा मिश्र स्पर्धेत स्वतंत्र सस्पेन्शनच्या पिकअपला माझ्या मते हाच प्रकार योग्य. महाग आहे, बसवायला कसब लागतं, आणि नळी-तारांचा एक नवा संसार मागं लागतो. तरीही, कारण पायरी चढताना तो तुम्ही लावता आणि वळण घ्यायच्या आधी सोडता. तुटण्याचा क्षण बहुतेक वेळा वळणातच असतो.

सावध: गाडीत ब्रेकवर चालणारं ट्रॅक्शन कंट्रोल असेल तर मॅन्युअलमध्ये बघा. काही गाड्यांत मागचा लॉक लावला की ते पुढच्या चाकांवरचं कामही थांबवतं. म्हणजे मागचा लॉक लावल्यावर पुढचा एक्सल पूर्ण ओपन राहतो, आणि अशा गाडीत पुढच्या लॉकचा फायदा सर्वांत जास्त दिसतो.

टप्पा ६: हवा की वीज

हवेच्या लॉकरला कॉम्प्रेसर, नळी आणि डिफच्या आतलं सील लागतं. लॉकरसोबतचा कॉम्प्रेसर ठराविक दाबाच्या दरम्यान आपोआप चालू-बंद होतो. टायरसाठीची मोठी टाकी थेट जोडाल तर दाब कमी करणारा रेग्युलेटर आधी लावा, नाहीतर सील फुटतं. लॉक आणि अनलॉक दोन्ही ताबडतोब होतात. नळी फांदीत अडकून तुटली तर लॉक सुटतो आणि तुम्ही ओपन डिफवर येता.

विजेच्या लॉकरला फक्त तार, रिले आणि फ्यूज. ओढ्यात बुडणाऱ्या गाडीला ही मोठी सोय. पण चेंडू आणि उताराच्या रचनेवर चालणाऱ्या विजेच्या लॉकरचा एक स्वभाव जाणून घ्या: पुढून मागं दिशा बदलली की तो क्षणभर सुटतो आणि परत बसतो. रुतलेली गाडी पुढं-मागं झुलवून काढताना प्रत्येक वेळी हा ठोका शाफ्टला बसतो. चिखलात झुलवत बसणारा ड्रायव्हर असेल तर हवेचा घ्या. कातळावर हळू चालवणारा असेल तर विजेचा निर्धास्त घ्या.

टप्पा ७: ऑर्डर

विक्रेत्याला गाडीचं नाव आणि साल सांगून थांबू नका. वहीचं ते पान पाठवा: क्राउनचा व्यास, रेशो, स्प्लाइन, बेअरिंग. "याला बसेल" असं लेखी घ्या. एकाच मॉडेलच्या ऑटोमॅटिक आणि मॅन्युअल गाडीत पुढचा डिफ वेगळा असू शकतो. बेअरिंग आणि सील त्याच ऑर्डरमध्ये मागवा. सामान बाहेरून येणार असेल तर कस्टमचे दिवस धरून स्पर्धेच्या निदान तीन महिने आधी मागवा. स्पर्धेच्या आठवड्यात बसवलेला लॉकर म्हणजे चाचणी न झालेला लॉकर.

वापरलेला लॉकर घ्यायचा तर सुटा, धुतलेला बघा. लॉक होणाऱ्या दातांच्या कडा गोल झाल्या असतील तर नको.

टप्पा ८: बसवणं

डिफ बांधायचा अनुभव असलेला फिटर शोधा, त्यानं लॉकर कधी बसवला नसला तरी चालेल. बाकीचं पुस्तिकेत असतं. क्रम असा ठेवा:

१. उघडण्याआधी जुना बॅकलॅश (क्राउन-पिनियनच्या दातांमधली मोकळी जागा) डायल गेजनं क्राउनच्या चार ठिकाणी मोजून लिहा. टोयोटाच्या आठ इंची डिफला तो ०.१३ ते ०.१८ मिलिमीटर असतो. तुमच्या गाडीला तुमच्याच मॅन्युअलचा आकडा.

२. बेअरिंग कॅप असतील तर पंचनं डावी-उजवी खूण करा. त्या अदलाबदल करून चालत नाहीत. शिमही (जाडी जमवायच्या चकत्या) बाजूप्रमाणे वेगवेगळ्या डब्यात.

३. क्राउनचे बोल्ट नवीन घ्या, थ्रेड लॉक लावून टॉर्क रेंचनंच, समोरासमोरच्या क्रमानं आवळा.

४. हवेच्या नळीसाठी हाउसिंगला भोक पाडायचं असेल तर ते तेलाच्या पातळीच्या वर. बिडाचा कीस चुंबक उचलतो, अॅल्युमिनियमचा नाही. हाउसिंग डिझेलनं धुवा, हवा मारा, पुन्हा धुवा, आणि शेवटी पांढरं फडकं आतून फिरवा. फडक्यावर एकही चमक दिसता कामा नये.

५. आतली तांब्याची नळी क्राउनपासून दूर आहे ना, ते क्राउन हातानं पूर्ण फेरा फिरवून बघा. नळी एकदाच वाकवा, पुन्हा पुन्हा वाकवली की तडकते.

६. बेअरिंग प्रीलोड (बेअरिंगवर आधीच दिलेला दाब) आणि बॅकलॅश जमवून दातांना मार्किंग ब्लू (ठसा उमटवणारा रंग) लावा. ठसा दाताच्या मध्यावर हवा, टोकाला किंवा कडेला नको. दाताच्या दोन्ही बाजू तपासा. पिनियन खालच्या अंगाला असलेल्या साध्या कटाच्या पुढच्या डिफमध्ये गाडी पुढं जाताना दाताची मागची, म्हणजे कोस्टची बाजू भार घेते, आणि ती बाजू मुळात कमजोर असते.

७. छोटा संच बसवत असाल तर आतल्या दोन भागांमधलं अंतर फीलर गेजनं मोजा. पुस्तिकेतल्या मर्यादेत बसत नसेल तर वॉशर बदला, "बसेल चालवून" म्हणू नका.

८. ब्रीदरची, म्हणजे डिफमधली हवा आत-बाहेर करणारी, नळी बोनेटच्या वरपर्यंत न्या. गरम डिफ थंड ओढ्यात उतरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर खाली असेल तर पाणी ओढते.

९. तेल लॉकरच्या पुस्तिकेप्रमाणे. प्लेटवाल्या लिमिटेड स्लिपला घालायचं घर्षण-सुधारक गिअरवाल्याला घालू नका, त्याचं काम ढिलं पडतं.

सावध: क्राउन-पिनियनही नवे असतील तर पहिल्या दिवशी वीस-पंचवीस किलोमीटर हळू चालवून डिफ पूर्ण गार होऊ द्या, असं दोन-तीनदा. नंतर सुमारे ८०० किलोमीटरपर्यंत जड ओढकाम नको. तेल बदला आणि मगच मैदानात.

टप्पा ९: स्टँडवरची चाचणी

पुढची दोन्ही चाकं वर, एक्सल जोडलेला, ट्रान्सफर केस गिअरमध्ये, इंजिन बंद. लॉक सुटलेला असताना एक चाक हातानं फिरवा, दुसरं उलट दिशेला फिरायला हवं. लॉक लावा. आता दोन्ही चाकं हलता कामा नयेत. हे वीस वेळा करा, स्टिअरिंग डावीकडे, उजवीकडे, सरळ. एकदा जरी अडकलं तर कारण सापडेपर्यंत गाडी खाली उतरवू नका.

हवेचा असेल तर दाब भरून कॉम्प्रेसर बंद करा आणि पंधरा मिनिटं गेज बघा. सांध्यांवर साबणाचं पाणी. बाहेर कुठं बुडबुडा नाही तरी दाब उतरतोय, तर ब्रीदरची नळी पाण्याच्या बाटलीत धरा. तिथं बुडबुडे आले तर आतलं सील गळतंय, आणि ती हवा तेल बाहेर ढकलत राहील.

स्विचची वायरिंग अशी ठेवा की मागचा लॉक लागल्याशिवाय पुढचा लागणार नाही. पुढच्याच्या स्विचला झाकण लावा आणि दिवा ड्रायव्हर व को-ड्रायव्हर दोघांना दिसेल असा.

टप्पा १०: मैदानावर

पहिले दोन दिवस फक्त सराव. लॉक लावताना चाकं सरळ, गाडी थांबलेली किंवा रांगत असलेली. फिरत्या चाकावर कधीही लावू नका. को-ड्रायव्हरची हाक ठरवून घ्या. आमच्याकडे "मागचा", "पुढचा", "पुढचा सोड" एवढ्या तीनच हाका आहेत. तिसरी हाक स्टिअरिंग वळवण्याच्या आधी येते.

आडव्या उतारावर पुढचा लॉक सोडलेला ठेवा. ओपन असताना एक चाक फिरलं तरी दुसरं गाडीचं नाक धरून ठेवतं. लॉक असताना दोन्ही एकदम सुटतात आणि नाक खाली घसरतं. या एका कारणानं गाड्या उलटलेल्या मी पाहिल्या आहेत.

सोबत ठेवा: डावा आणि उजवा असा एकेक पूर्ण सीव्ही शाफ्ट, टाय रॉड एंड, हवेच्या नळीचा तुकडा आणि जोड, फ्यूज-रिले, तीन लिटर गिअर ऑइल, आणि शाफ्ट काढल्यावर डिफचं तोंड बंद करायला बूच. गॅरेजमध्ये घड्याळ लावून शाफ्ट बदलायचा सराव करा. पहिल्यांदा दीड तास लागतो, चौथ्यांदा निम्म्यात होतं.

स्टेजमध्ये एक सीव्ही तुटला तर लक्षात ठेवा: लॉक लावलेला असेल तर उरलेला एक शाफ्ट पुढचं चाक ओढू शकतो. तुटलेला शाफ्ट काढा, पण हबमधला बाहेरचा तुकडा बऱ्याच गाड्यांत चाकाचं बेअरिंग बांधून ठेवतो, तो जागेवर राहू द्या. बूच लावा, स्टिअरिंग सरळ, पाय हलका. आता सगळा भार एकाच जॉइंटवर आहे.

घरी आल्यावर पुढच्या डिफचं तेल पारदर्शक बाटलीत काढा. दुधाळ दिसलं तर पाणी गेलंय, ब्रीदर आणि सील बघा. चुंबकाच्या बोल्टवर काजळीसारखा बारीक लेप असेल तर काळजी नाही. नखात धरता येईल असा तुकडा सापडला तर त्याच संध्याकाळी डिफ उघडा.